विझता दांडा परत पेटला

मी शाळेत दोन वर्षं होतो, दोन्ही पहिलीत. म्हणून अंधेरीच्या कारखान्यात मला भट्टीवर घातलं, का तर तिथे वाचायचं काही नसतं. सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. माझ्या हातून दोन कामं वाया गेली होती. मिस्त्रीनं साफ सांगितलेलं, तिसरं गेलं की तू पण गेलास.

तिसरं काम म्हणजे पोलादाचा हातभर दांडा. फिटर तो कानशीनं घासून त्याचा पंच, म्हणजे पत्र्याला भोक पाडायचं हत्यार, बनवणार होता, म्हणून आधी तो मऊ हवा. मऊ करायचं तर लालभडक तापवायचं, राखेत पुरायचं आणि हळूहळू निवू द्यायचं. लाल असताना पाणी पाजलं तर पोलाद काचेसारखं कडक होतं, कानस लागतच नाही. एवढं मलाही कळत होतं.

मिस्त्री जेवायला गेलेला. मी दांडा सांडशीनं बाहेर काढला आणि बघतो तर राखेची पेटी रिकामी. राख मीच सकाळी फेकली होती, साफसफाई म्हणून. दांडा तसाच विटांवर ठेवला नि बघत बसलो. तापल्याचा रंग ओळखता यावा म्हणून तिथे गोणपाटं लावून अंधार केलेला असायचा. लाली उतरत गेली, आता विझणार, आणि तेवढ्यात दांडा परत पेटला. खाली जाळ नाही, वारा नाही. आतूनच उजेड आला आणि या टोकाकडून त्या टोकाकडे सरकत गेला. माझे हात आपोआप जोडले गेले. देव म्हणावं का भूत, ठरेना. मग भूत ठरलं आणि मी बादली ओतली.

वाफ बघून मिस्त्री धावत आला. शिवी पण दिली नाही, म्हणजे माझी वाट लागली. त्यानं दांड्यावर कानस ओढली. भुगा पडला. दुसऱ्या टोकाला ओढली. तिथेही भुगा.

"पाणी कधी टाकलंस? उजेडाच्या आधी का नंतर?"

"नंतर. आधी हात जोडत होतो ना."

मिस्त्री खालीच बसला. त्याला कुणा इंजिनियरनं सांगितलं होतं ते त्यानं मला सांगितलं. तापलेल्या लोखंडाचे कण आत एका तऱ्हेनं रचलेले असतात, निवलेल्याचे दुसऱ्या. निवताना एका क्षणी सगळे जागा बदलतात, आणि बदलताना अंगातली ऊब बाहेर टाकतात. तोच उजेड. त्याच्या आधी पाणी पडलं तर कण मधेच अडकतात, म्हणून कडकपणा. नंतर पडलं तर नुसती आंघोळ.

"चपळ असतास ना, तर आज घरी गेला असतास," तो म्हणाला.

मग तो मऊ दांडा त्यानं परत भट्टीत घातला. मी म्हटलं, कशाला आता?

"मला पण बघायचंय रे. कितीतरी वर्षं नुसतं काम करतोय, बघायचं सोडूनच दिलं."

दोघं उकिडवे बसलो. लाली उतरली, उजेड आला, सरकत गेला. मिस्त्रीनं तोंडातली विडी काढून हातात धरली. लोखंड तेच, वजन तेच, आणि आत सगळ्यांनी बिऱ्हाड बदललेलं. मी श्वास पण सोडला नाही, न जाणो त्यानंही काहीतरी बिघडायचं.