तीस दिवसांचा कायदा आणि माझं पत्र

बाळांनो,

मामाने कंपनी बंद केल्याचं तुम्हाला आईकडून कळलं, आणि गेल्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, मामा फेल झाला का?" मी बोलणं तुमच्या शाळेकडे वळवलं. ते काही बरोबर केलं नाही. जे झालं त्यात माझाही वाटा आहे, आणि मामा तो तुम्हाला कधीच सांगणार नाही. म्हणून मीच लिहून ठेवते आहे. अवघड वाटलं तर आईकडून वाचून घ्या.

मामा पुण्याहून इथे परदेशात, आइंडहोवनला, इंजिनिअर म्हणून आला. पुढे नोकरी सोडून त्याने नव्या इमारतींमध्ये वायरिंग करून देणारी छोटी कंपनी काढली आणि तो आणि मी रॉटरडॅमजवळ कापेलला राहायला आलो. तो आणि पोलंडहून आलेले दोन वायरमन, एवढीच कंपनी. अशाला पोटठेकेदार म्हणतात. इमारतीचं काम मोठ्या ठेकेदाराला मिळतं, वायरिंग तो मामाला देतो. पैसेही त्याच वाटेने येतात, म्हणजे सगळ्यात शेवटी मामाकडे. यासाठी इथे कायदा आहे. मोठ्या कंपनीने लहान कंपनीचं बिल तीस दिवसांत द्यायचं, नाहीतर पुढे व्याज लागतं.

द हेगमधल्या एका इमारतीच्या बिलाचे पैसे पन्नास दिवस झाले तरी आले नव्हते. मामा जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसला होता.

"दोनच ओळी लिहितो, आई. मुदत संपली, आठ दिवसांत पैसे द्या."

"असं लिहितात का कुणाला? ऊठ, मी लिहिते."

पुण्याच्या ऑफिसात मी तीस वर्षं इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळला होता. माझ्या पत्रात साहेब कधी शब्द बदलत नसत. त्याच ऐटीत मी लिहिलं, की आपल्या अडचणींची आम्हाला पूर्ण कल्पना आहे, आपल्या सोयीने रक्कम पाठवावी, तसदीबद्दल क्षमस्व. पुण्यात असं पत्र गेलं की समोरचा दचकायचा. एवढ्या अदबीने लिहिलंय म्हणजे पुढचं पत्र वकिलाचं, हे तिथे सगळ्यांना कळायचं. मामा दिवसभर शिडीवर उभा राहून आला होता. त्याने न वाचता सही केली.

दोन दिवसांनी उत्तर आलं. आपण समजून घेतलंत याबद्दल आभार, आमच्या सोयीनुसार तीन महिन्यांनी रक्कम पाठवू.

मामाने तेव्हा माझं पत्र पहिल्यांदा वाचलं. "आई, हे मागणीपत्र आहे की लग्नाची पत्रिका? आहेर आणू नये एवढंच लिहायचं राहिलंय."

हसला तो. मला हसू आलं नाही.

मग आम्ही द हेगला एका वकीलबाईंकडे गेलो. माझाच हट्ट, म्हणून मीही बरोबर. त्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि शांतपणे विचारलं, "हे कोणी लिहिलं?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात मामा म्हणाला, "मी."

त्या म्हणाल्या, कायदा तुमच्याच बाजूने आहे, पण ठेकेदार हे पत्र पुढे करणार, वाद वाढणार, वेळ जाणार. तरी लढायचं का? मामाने विचार करून सांगतो म्हटलं. परतताना ट्राममध्ये मी त्याला म्हटलं, "माझं नाव का नाही सांगितलंस?"

"सही कोणाची होती?" तो म्हणाला.

तो लढला नाही. पुढच्या इमारतीचं काम त्याच ठेकेदाराकडून मिळायचं होतं आणि आपल्याला कोर्टात खेचणाऱ्या माणसाला कोण काम देतो? ही भीती कुठल्या कायद्यात धरलेली नसते. ते तीन महिने वायरमनांचे पगार त्याने स्वतःच्या बचतीतून दिले. बचत आटली तेव्हा व्हॅन विकली. "एकाला काढलंस तर निभेल," असं मीच एकदा म्हणाले. "त्याने भिंतीत वायर घातली ना? मग त्याचे पैसे कसे थांबवू?" तो म्हणाला. पुढची इमारत शेवटी दुसऱ्याच कोणाला मिळाली. त्याने कंपनी बंद करण्याचे कागद भरले, आणि त्यानंतर तीन आठवड्यांनी द हेगचे पैसे आले. पूर्ण आले, व्याज सोडून. मामाने बँकेचा मेसेज मला दाखवला आणि फोन पालथा ठेवला.

मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "आई, तू दोन ओळी लिहिल्या असत्यास तरी त्यांनी उशीर केलाच असता." असेल. मला माहीत नाही. आता त्यावर फार बोलण्याची ताकद आमच्यापैकी कोणातच नाही.

कंपनी नाही, व्हॅन नाही. मामा रॉटरडॅममध्ये दुसऱ्याच्या हाताखाली वायरिंगचंच काम करतो आणि महिन्याच्या ठरल्या तारखेला त्याचा पगार होतो. दोन्ही वायरमनांना त्याने शब्द टाकून तिथेच लावून घेतलं. ते तिघे अजून एकत्र काम करतात.