कोणताही पार्ट मिळेल!

मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानात बसलं ना, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. आपोआप साचतात, आमच्या काउंटरखालच्या बरणीसारखे. त्या बरणीत स्क्रू, बटणं, सिमचे ट्रे, कॅमेऱ्याच्या काचा, सगळं पडत राहतं. कुठलं कशाचं, कोणाला माहीत नाही. पण हात घातला की काहीतरी टोचतंच!

मी राणी. राहते कात्रजला, बसते शनिवार पेठेत, इक्बालचाचांच्या दुकानात. दहावीत मी आणि गणित, दोघांनी एकमेकांना पास केलं नाही. आता परत बाहेरून देतेय. आणि खरं सांगू, बाहेरच असते! चाचींची आणि माझ्या आईची घट्ट मैत्री, त्यामुळे मला दुकानातून हाकलता येत नाही, हे चाचांचं मोठं दुःख.

चाचा कामात उस्ताद. तसं ते स्वतःच दिवसभर सांगत असतात. नव्या फोनचं सामान काय, सगळेच ठेवतात. आम्ही जुन्या फोनचं ठेवतो. कोणाचं झाकण हरवलं, कोणाचं बटण पडलं, सगळे आमच्याकडे. म्हणून चाचांनी हौसेनं नवा बोर्ड रंगवून घेतला: 'कोणत्याही जुन्या मोबाईलचा कोणताही हरवलेला पार्ट मिळेल.'

रंग वाळायच्या आत गद्रेकाका आले.

गद्रेकाका समोरच्या बिल्डिंगमधले. छापखान्यात प्रूफं तपासायचे. आता छापखान्यातून रिटायर झालेत, तपासण्यातून नाही! रोज आमच्या स्टुलावर बसून आमचाच पेपर वाचतात आणि त्यातल्या चुका आम्हाला दाखवतात, जसं काही आम्हीच छापलाय.

बोर्ड वाचून म्हणाले, "इक्बालशेठ, 'कोणताही' म्हणजे काय?"

"म्हणजे कोणताही."

"'बहुतेक' नव्हे?"

"नव्हे!"

"शेवटी कंसात 'शक्यतो' टाकता का? जागा आहे."

"काका, कोणताही म्हणजे कोणताही!"

काकांनी शांतपणे खिशातून फोन काढला. काळा, बटणांचा, कंपनीनं कधीच बंद केलेलं मॉडेल. आणि बरोब्बर मधलं, पाचचं बटण गायब! समोरचा दात पडलेल्या पोरासारखा दिसत होता फोन.

"घरात कुठं पडलं, कोणास ठाऊक. द्या पाच."

चाचा जरा दचकले. मग म्हणाले, "त्यात काय, भोकात काडी घालून दाबा. लागतो फोन."

"बोर्डावर 'काडी मिळेल' असं लिहिलंय का?"

इथं कोणीही शहाणा माणूस 'बघतो साहेब' म्हणून सुटला असता. मी मागून चाचांचा शर्ट ओढत होते. पण चाचा छाती काढून म्हणाले, "रविवारी सकाळी या. पाच बसवून देतो. नाही बसवलं, तर बोर्ड उतरवतो!"

"उतरवू नका, मी दुरुस्त करीन. 'काही पार्ट, नशिबात असल्यास, मिळतील.' आणि तुम्ही दिलंत, तर याच बोर्डाखाली उभा राहून मी रस्त्यावर ओरडून सांगीन, की कोणताही मिळतो!"

शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं हे सगळं ऐकलं. आणि झेरॉक्सवाल्यानं ऐकलं म्हणजे पेठभर कॉप्या निघाल्याच!

* * *

दुसऱ्याच दिवशी एक कॉलेजवाला आला. जुना फोन, सिमचा ट्रे हरवलेला.

"ट्रे मिळेल," चाचा म्हणाले, "सिम कुठंय?"

"आत."

"ट्रेशिवाय?"

"तसंच सरकवलं. मग निघेना. म्हणून ते बाहेर ढकलायला दुसरं सिम घातलं."

"मग?"

"ते पण निघेना. म्हणून रूममेटनं टूथपिक घातली."

"आणि टूथपिक?"

पोरगा खाली बघायला लागला. मी म्हटलं, "चाचा, आता टूथपिक काढायला काय घातलं ते विचारा ना!"

"...सेफ्टी पिन."

चाचांनी फोन उघडला. दोन सिमं, अर्धी टूथपिक आणि सेफ्टी पिनचं टोक. सगळं ओळीनं काउंटरवर मांडलं आणि त्याला विचारलं, "एका खोलीत एवढे जण ठेवलेस. भाडं काय घेतोस?"

ट्रे बसला, फोन चालू झाला, पोरगा उड्या मारत गेला. चाचांनी मिशीवरून हात फिरवत गद्रेकाकांकडं बघितलं.

काकांनी पेपर उलटला. "मिळाला. त्याचा."

* * *

चाचांनी ओळखीच्या सगळ्या रिपेअरवाल्यांना फोन केले. कोणाकडंच तसलं पाच नाही. बोर्डाकडं बघून चाचांचं जेवण कमी झालं. चाचींनी आईला सांगितलं, आईनं मला. मग म्हटलं, बास! आता राणीनं हातात घेतलं पाहिजे.

बरणीत एक कोरं काळं बटण सापडलं. कशाचं होतं, देव जाणे, पण काका दुकानात ठेवून गेलेल्या फोनच्या भोकात बसत होतं. आईची पांढरी नेलपॉलिश आणली, काडीचं टोक बुडवलं आणि एकदम झोकात पाच काढला. बसवला. चाचांना सांगितलंच नाही, म्हटलं सरप्राईज देऊ!

काका आले, तर मी फोन पुढं केला. "घ्या! मिळालं!"

चाचांचा चेहरा असा उजळला, की मलाच क्षणभर वाटलं, खरंच मिळालं!

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि फोन नाकाजवळ नेला. मग माझ्याकडं बघितलं.

"कार्टे, बाकीचे सगळे आकडे इंग्रजी आहेत. पाच तेवढा मराठी!"

खरंच की! मी आपली सवयीनं '५' काढून बसले होते.

"मातृभाषेत काढलास, त्याबद्दल अभिनंदन," काका म्हणाले. मग डोळे मिटून त्यावर अंगठा फिरवला. "पण टिंब कुठंय? पाचाच्या बटणावर टिंब असतं, अंधारात हाताला लागावं म्हणून. हा बिनटिंबाचा पाच आहे. म्हणजे अनुस्वार खाल्लेला शब्द. नापास!"

जाताना अंगठ्याला लागलेली नेलपॉलिश माझ्याच ओढणीला पुसून गेले!

* * *

पण मी सोडते होय! बाजूला झेरॉक्सचं मशीन होतंच. एक जाहिरात लिहिली आणि चौकापासून नदीच्या घाटापर्यंत चिकटवून आले:

'हरवलं आहे! आमचं लाडकं बटन. रंग काळा, बांधा लहान, पोटावर टिंब. पाच या नावानं हाक मारल्यास ओ देत नाही. कोणाला सापडल्यास इक्बालचाचांच्या दुकानी आणून द्यावं. चाचा जेवत नाहीत.'

दुपारपासून रांग! कोणी कोटाचं बटण आणलं, कोणी रिमोटचं. एक आजी तर हातात काळं बटण घट्ट धरून धापा टाकत आल्या.

"हेच का गं? काळंय. टिंब नाही, पण मधे चार भोकं आहेत!"

शर्टाचं होतं. मी म्हटलं, "आजी, जवळजवळ मिळालंच हो!"

तर चाचा ओरडले, "जवळजवळ काय? माझ्या शर्टाला लाव आता!" आणि खरंच, चाचांच्या शर्टाचं वरचं बटण कधीचं तुटलं होतं. आजींनी पिशवीतून सुईदोरा काढून तिथल्या तिथं लावून दिलं. एक पार्ट तर मिळाला!

संध्याकाळी गद्रेकाका माझी जाहिरात घेऊन आले. लाल शाईनं तपासलेली! 'बटन'वर गोल काढून बाजूला लिहिलं होतं: 'बटण. ण बाणाचा.' आणि खाली: 'विनोद बरा. अक्षर वाईट.'

चाचा म्हणाले, "काका, चूक दुरुस्त झाली ना? मग ण हरवला होता, तो मिळाला. पैज सुटली!"

"ण हरवला नव्हता, पाच हरवलाय," काका म्हणाले.

* * *

शनिवारी चाचांची अवस्था बघवत नव्हती. एकाचा फोन दुरुस्त करताना मोहरीएवढा स्क्रू हातातून उडाला. टेबल झालं, फरशी झाली, माझी वेणीसुद्धा झाडून झाली. नाही म्हणजे नाही!

मला कसली सुरसुरी आली काय माहीत. मी म्हटलं, "चाचा, आत्ता तुम्ही चहा प्यायलात ना, त्यात काहीतरी चमकलं!"

चाचा पांढरेफटक! लगेच टेबलावरचं मोठं लोहचुंबक उचललं आणि पोटावरून हळूहळू खाली फिरवायला लागले. मी श्वास रोखून बघतेय. आणि एकदम, खट्!

"चिकटला! या अल्लाह, चिकटला! आतून ओढतोय!"

"चाचा," मी म्हटलं, "पट्ट्याचं बक्कल आहे ते."

आणि स्क्रू कुठं होता? त्याच लोहचुंबकाच्या मागच्या बाजूला! पहिल्यापासून!

मी फरशीवर बसून हसत होते. चाचा मला मारायला पट्टाच काढत होते, पण तो चुंबकातून सुटेना! एवढ्यात स्टुलावरून आवाज आला,

"उद्या रविवार."

झालं. चाचांचं तोंड परत पडलं.

* * *

रविवार. गद्रेकाका ब्रश आणि पांढऱ्या रंगाचा डबा घेऊनच आले! झेरॉक्सवाल्यानं खुर्ची बाहेर मांडली. आजूबाजूचे चार लोक पण उगाच रेंगाळायला लागले. चाचा बोर्डाकडं असं बघत होते, जसं मुलगी सासरी निघालीय.

"इक्बालशेठ, शिडी आहे का?" काकांनी विचारलं.

"थांबा काका, दुकान उघडून दहा मिनिटं पण नाही झाली!" मी मधे पडले. "रविवारची सकाळ बारा वाजेपर्यंत असते!"

काकांना ते पटलं. शब्दाला पक्के ना! बसले.

साडेअकराला एक तात्या आले. पांढरी टोपी, पायात करकरीत नवे बूट. लोणी काळभोरचे. हातातला फोन सुतळीनं बांधलेला.

"झाकण हाय का ह्याचं? बॅटरी पडतिया सारखी. पोरानं मोठा फोन घेऊन दिलाय, पर त्यो खिशात मावत न्हाय. बोर्ड वाचला तुमचा, म्हनलं बघावं."

चाचांनी सुतळी सोडली. फोन सुलटा केला. आणि तसेच उभे राहिले.

काळा. बटणांचा. तेच मॉडेल! मधे पाच, पाचावर टिंब!

चाचा बरणीवर तुटून पडले. सगळी बरणी काउंटरवर उपडी! खालून एक झाकण निघालं. बसलं, खट्कन. फक्त रंग लाल.

"लाल?" तात्या म्हणाले. "झ्याक! उसात पडला तर लगीच दिसंल!"

आता खरा प्रश्न. चाचा नुसते त्या पाचाकडं बघत होते, म्हणून मीच विचारलं, "तात्या, झाकणाच्या बदल्यात एक मागू? तुमचं पाच द्याल?"

"पाच काय?"

"पाचचं बटण. पण मग तुम्हाला फोन लावता येणार नाही नीट."

तात्या खो खो हसले. "अगं पोरी, आपन फोन लावतच न्हाय! लोकं लावत्यात. आपन फकस्त हिरवं बटन दाबतो. घे पाच! सा पायजे का? सात?"

काकांचा ओठ हलला. 'ण बाणाचा' अगदी ओठावर आलं होतं, पण गिळलं!

चाचांनी पाच काढून काकांच्या फोनमधे बसवलं. काकांनी डोळे मिटले. अंगठा फिरवला. झेरॉक्सवाला खुर्चीवर उभा!

"टिंब आहे," काका म्हणाले.

मी अशी शिट्टी मारली, की नदीपलीकडं ऐकू गेली असेल! चाचांनी तात्यांना मिठी मारली, तात्यांनी झेरॉक्सवाल्याला. का, ते त्यांनाच माहीत.

पण काका काका आहेत. "टिंब ठीक. पण चालतं का?" म्हणून त्यांनी पाठ असलेला नंबर दाबायला घेतला. सेव्ह केलेला नाही हं. "सेव्ह करायला आम्ही विसराळू आहोत का?" पाच, परत पाच, मधे काहीतरी, परत पाच. फोन लागला.

"ताई? अगं, लागला बघ फोन! इतके दिवस बटण नव्हतं, आणि तू काही स्वतःहून लावत नाहीस. थांब हं, मला जरा काम आहे." आणि भाजीची पिशवी घेऊन समोरून येणाऱ्या गद्रेकाकूंच्या हातात त्यांनी फोन दिला. "ताई आहे. बोल."

मग काका बोर्डाखाली जाऊन ताठ उभे राहिले, खाकरले आणि अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं ओरडले,

"मिळतो हो मिळतो! कोणत्याही जुन्या मोबाईलचा कोणताही पार्ट मिळतो! मात्र, 'पार्ट' हा मराठी शब्द नाही!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोन गिऱ्हाईकं तिथल्या तिथं आत आली. चाचा अत्तर लावल्यासारखे दरवळत होते!

आत स्टुलावर काकू बसल्या होत्या. कानाला फोन.

"हो वन्सं."

मी चहा सांगितला.

"हो वन्सं... हो."

चहा आला. चहा गार झाला. दोन्ही गिऱ्हाईकं काम उरकून गेली. तात्या लाल झाकण मिरवत बस पकडायला गेले.

"हो वन्सं. हो ना."

शेवटी काकूंनी फोन कानापासून लांब धरला. आतून बारीक आवाज चालूच होता. बाहेर काकांचा ठणठणीत आवाज चालू होता. काकू आमच्याकडं वाकून हळूच म्हणाल्या,

"ते बटण पडलं नव्हतं हो. मीच काढलं होतं. उलथन्याच्या टोकानं. आणि भाजीच्या देठांबरोबर केरात टाकलं."

चाचा बघतच राहिले. "पण का हो काकू?"

काकूंनी हात लांब केला आणि फोन चाचांच्या कानाला लावला.

चाचा ऐकत राहिले. आधी उभ्यानं. मग काउंटरला टेकून. मग खाली बसून. आणि मग, आमचे इक्बालचाचा, पेठेतले उस्ताद, अगदी बारीक आवाजात म्हणाले,

"हो वन्सं."