दिवे लागल्यावरचा थेंब

गुणमालाबाईंनी दिवस मावळल्यावर पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता, त्याला आता कितीतरी वर्षं लोटली होती. मुनिमहाराज चातुर्मासाला गावात होते, तेव्हा बस्तीत, जैनांच्या देवळात, सगळ्यांदेखत घेतलेला नेम. तापानं फणफणल्या तरी मोडला नाही, की लेकीच्या लग्नात पंगतीला उशीर झाला म्हणून मोडला नाही. सांगलीच्या बाजूला जैनांच्या घरात असा नेम पाळणारी म्हातारी असतेच. पण गुणमालाबाईंचं म्हणजे एकदा धरलं की धरलं.

अशा बाईची नजर अधू झाली. उजवा डोळा एका वैदूनं सुई घालून कायमचा घालवला होता, आणि आता डाव्यात मोतीबिंदू पिकत आलेला. धर्म पाळायलासुद्धा नजर लागते, हे त्यांना तेव्हा कळलं. जोंधळे निवडायचं काम घरात त्यांचं. किडा दिसला की अलगद उचलायचा आणि घरामागच्या परड्यात सावलीला सोडायचा, जीव मारायचा नाही. एकदा त्यांनी बुट्टीभर जोंधळे निवडून दिले आणि भिंतीला टेकल्या. थोड्या वेळानं आतून ताटात दाणे सरकवल्याचा आवाज आला. सून चंदनबाला तेच जोंधळे पुन्हा निवडत होती. अगदी हळू, सासूला ऐकू जाऊ नये म्हणून. ‘आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय’ हे त्यांचं त्यांनाच आठवलं. आपल्या हातून आजवर किती जीव गिरणीत गेले असतील, या विचारानं त्यांना भाकरी गोड लागेना.

दुष्काळ सरल्यावर दुसऱ्या वर्षी तालुक्याच्या गावी शाळेत डोळ्यांचं शिबिर भरलं. ऑपरेशन फुकट, औषध फुकट, पुढं चष्माही फुकट. गुणमालाबाई बिचकल्या. फुकटच्या औषधाला गुण येत नाही, असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. त्यांचे मालक, अण्णाप्पा, तसे कमी बोलणारे. ते म्हणाले, “उजवा पैसे देऊन घालवलास, डावा फुकटात ऱ्हातोय तर ऱ्हाऊ दे की.”

ऑपरेशन झालं. बाकं बाहेर काढून वर्गात ओळीनं गाद्या घातल्या होत्या. पट्टी सुटली त्या दिवशी दिवे लागल्यावर सिस्टर आली, डोळ्यात थेंब टाकला आणि बजावून गेली, “रात्रीचा थेंब चुकवायचा नाही हं आजी, डोळा बिघडेल.”

पळभरानं घशात कडूजहर काहीतरी उतरलं. गुणमालाबाई दचकल्या. डोळ्यात घातलेलं घशात कसं येईल? पण जीभ काय खोटं सांगते? दिवस तर केव्हाच मावळला होता. त्यांनी पदरात थुंकलं आणि झोप लागेपर्यंत णमोकार मंत्र म्हणत राहिल्या.

सांगायचं कुणाला? डॉक्टर हसतील, आणि मालक म्हणतील, मुकाट्यानं घालून घे. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी गत. मग म्हातारीनं आपल्या मनानंच वाट काढली. दिवसाचे थेंब नीट घ्यायचे; दिवे लागल्यावर मात्र थेंब पडता पडता पापणी घट्ट मिटायची आणि मान कलती करायची. थेंब कानशिलावरून उशीत जाई. घरी आल्यावर औषधाची बाटली सुनेच्या हाती आली, तरी हेच चालू.

मग डोळा लाल झाला. कुसळ गेल्यासारखा सलू लागला. का, ते त्यांना पुरतं ठाऊक होतं आणि म्हणूनच भीती जास्त होती. हा डोळा गेला तर उरलेला जन्म अंधारात. आणि औषध घेतलं तर महाराजांपुढं दिलेला शब्द गेला.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं आणि ते चंदनबालेकडे वळले. “औषध वेळेवर घालता का?”

“व्हय.”

“मग डोळा असा का? औषध फुकट मिळतं, पण ते घालायला घरातलं माणूस लागतं. अशी हयगय केलीत तर हाही डोळा जाईल.”

चंदनबालेनं मान खाली घातली. “चुकलं माजं,” एवढंच म्हणाली.

ते ऐकून गुणमालाबाईंना उमगलं. उशीचा ओला अभ्रा रोज सकाळी ही पोरच तर बदलत होती. तिला सगळं कळलं होतं, आणि तरी ती चार लोकांत बोलणी खात उभी होती.

“तिला बोलू नगा,” त्या म्हणाल्या. “मीच मान वळवती. दिस मावळल्यावर आमी पाणी बी घेत न्हाई, आन् तुमचं औषद घशात उतरतंय. कडू लागतंय.”

डॉक्टरांनी बॅटरी खाली ठेवली. “उतरतं खरं,” ते म्हणाले. “डोळ्यातून नाकात वाट असते, तिथून घशात. आम्हीच सांगायला हवं होतं.” त्यांनी नाकालगतच्या आपल्या डोळ्याच्या कोपऱ्यावर बोट दाबून दाखवलं. “थेंब घातला की इथं दाबून धरा. पण रात्रीचा थेंब हवाच.”

“वाचंल का डोळा?”

“बघू या,” डॉक्टर म्हणाले. ते ‘बघू या’ मनात घेऊनच दोघी घरी आल्या.

रात्री चंदनबालेनं थेंब घातला आणि कोपरा दाबून धरला. बराच वेळ.

“आलं का कडू, आत्ती?” तिनं सासूला विचारलं.

जिभेच्या मुळाशी जरासं कडू आलंच होतं. “न्हाई आलं,” गुणमालाबाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी कुणाला कारण न सांगता उपास धरला. पुढंही जेव्हा जेव्हा रात्री कडू लागलं, तेव्हा तेव्हा दुसऱ्या दिवशी उपास. थेंब मात्र चुकवला नाही.

लाली हळूहळू उतरली. पावसाळ्याच्या तोंडाला जाड भिंगाचा चष्मा आला. तो लावून त्या जोंधळे निवडायला बसल्या. एक किडा सापडला, तो तळहातावर घेऊन परड्यात शेवग्याखाली सोडून आल्या. बुट्टी सुनेकडे दिली आणि पहिल्यासारख्या भिंतीला टेकल्या. सगळा जीव कानात गोळा झाला होता.

ताटाचा आवाज काही आला नाही. चंदनबालेनं जोंधळे तसेच पिशवीत ओतले आणि ती गिरणीला गेली.