मादाम जिनेतांची वही

मी एका सत्तर वर्षांच्या बाईंना हेर ठरवलं. चूक माझी, शंभर टक्के माझी. आधीच सांगून टाकतो, कारण मागाहून कबूल केलं की लोक त्याला सारवासारव म्हणतात.

मिसिसागाच्या आमच्या ऑफिसात मॉन्ट्रियलचं काम माझ्याकडे यायचं होतं. अट एकच, फ्रेंचचं सर्टिफिकेट. म्हणून पन्नाशीला टेकलेला मी एकटाच क्यूबेकमधल्या एका लहानशा गावात पाच आठवडे शिकायला गेलो. (कॅनडात राहूनही परदेशी जाता येतं, हे तिथे कळलं!) पहिल्याच दिवशी शाळेने सही घेतली: कोर्सभर फक्त फ्रेंच. दुसरी भाषा बोलताना तीनदा सापडलात की घरी रवानगी!

शाळेने माझी राहायची सोय मादाम जिनेतांच्या घरी केली होती, आणि मी तर रोज संध्याकाळी सात वाजता तिथल्या माझ्या खोलीतून बायकोशी फोनवर मराठीत बोलायचो. करणार काय? आमच्या असोसिएशनच्या जयंतीच्या कार्यक्रमाची तयारी माझ्याकडे. हॉल, जेवण, माईक, सगळं डोक्यावर.

चौथ्या दिवशी फ्रिजवर मादामची वही उघडी दिसली. वर माझं नाव. खाली ७.०५ ते ७.४०. रोजची नोंद!

"सुनंदा, बाई माझ्यावर पाळत ठेवतेय."

"तुमच्यावर? अहो, मीसुद्धा ठेवत नाही."

मी वेळ बदलून साडेसहा केली. वहीत साडेसहा! सकाळी सहा केली. वहीत सहा! मग रोज नवी वेळ. शेवटी तिसऱ्या आठवड्यात पॅसेजमधल्या कोटांच्या कपाटात शिरलो आणि दार ओढून घेतलं.

"आवाज उशीतून आल्यासारखा का येतोय?"

"कोटांतून येतोय. हळू बोल. व्हेज पुलाव ठरला का?"

"कपाटात बसून पुलाव विचारताय? डॉक्टरला दाखवा आधी!"

बाहेर आलो, तर मादाम नुसत्या मोज्यांवर, श्वास रोखून उभ्या! मला बघून त्यांनी मान झुकवली आणि हसल्या. असं हसू मी ओळखतो. ऑडिटर असाच हसतो.

आता बाईंच्या आधी आपण तक्रार करायची! मी तडक शाळेच्या संचालिकेकडे गेलो.

"मादाम माझी वेळ लिहिते. मी बायकोशी बोलतो. मराठी. रोज." (फ्रेंच एवढंच येत होतं, त्यामुळे लपवायला शब्दच नव्हते.)

"घरच्यांशी बोलायला परवानगी आहे," संचालिका म्हणाल्या. "सही केलेल्या कागदावर लिहिलंय."

आमच्याकडे आधी सही, मग वाचन!

"पण घरमालकिणीविरुद्ध तक्रार केलीत. आता घर बदलायला हवं, आणि गावात दुसरं घर शिल्लक नाही. मादामनी ठेवून घेतलं तरच कोर्स, नाहीतर परत जा."

माझ्यासमोरच त्यांनी मादामना फोन लावला. बराच वेळ ऐकलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही कपाटात प्रार्थना करता?"

मग फोनवरचं सगळं त्यांनी मला सांगितलं. बंद दाराआडची माझी बडबड मादामना प्रार्थना वाटली होती! त्या वेळात घरात आवाज होऊ नये म्हणून त्या वेळा लिहीत होत्या. रेडिओ बंद, चपला काढलेल्या. आणि मी रोज वेळ बदलत असल्यामुळे गेले दोन आठवडे त्यांनी व्हॅक्यूम क्लीनर लावलाच नव्हता.

घरी गेलो. मादाम सोफ्यासमोरच्या खुर्चीत बसल्या होत्या.

"मादाम, मला माफ करा. मी तुमच्यावर संशय घेतला. आणि ती प्रार्थना नव्हती, जेवणाचा मेनू होता."

"मेनू?"

"मेनू."

"दोन आठवडे?"

"हो. अजून ठरला नाही."

मादाम उठल्या. कोपऱ्यातला व्हॅक्यूम ओढत आणला, थेट माझ्या पायांशी.

"राहा," त्या म्हणाल्या. "पाय वर!"

मी सोफ्यावर बसून दोन्ही पाय हवेत उचलले आणि त्या घरघरीवर ओरडून पुन्हा एकदा माफी मागितली. अख्ख्या कोर्समध्ये माझं तेवढं एकच फ्रेंच वाक्य बिनचूक आलं.