मज्जारज्जूतले जांभळे ठिपके

अ‍ॅम्फिऑक्सस मी जिवंत कधीच पाहिला नाही. माझ्या वाट्याला आले ते मद्रासकडून बाटलीत बुडवून पाठवलेले चौदा नग. बोटभर लांब, पांढरट, समुद्राच्या वाळूत अर्धं अंग पुरून राहणारा हा प्राणी. त्याला हाड नाही, धड डोकं नाही. पाठीतून तेवढा एक मज्जारज्जू जातो. पण पाठीचा कणा असलेल्या सगळ्यांचा, म्हणजे आपलाही, तो लांबचा भाऊबंद.

हुलसूरच्या एका मास्तरांची मुलगी, म्हणजे मी, गुलबर्ग्याला खोली घेऊन त्या रज्जूचे काप करत होती, याचं आमच्या गावात हसू व्हायचं. मला त्याचं काही वाटत नसे. मेणात बसवलेल्या प्राण्याचे केसापेक्षा पातळ काप काढायचे, काचेवर चढवायचे, रंगवायचे. एका दुपारी काही पेशींत गडद जांभळे ठिपके दिसले. तो रंग मज्जापेशींतला स्राव दाखवतो. मी सहा नग तपासले. ठिपके प्रत्येकात, त्याच जागी.

माझे मार्गदर्शक कन्नड बोलत. त्यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहायला अर्धं मिनिटसुद्धा घेतलं नाही.

"रंग नीट गाळला नाहीस. कचरा आहे हा."

"सर, सहाही नगांत आहे."

"ज्याला मेंदूच नाही त्याचा कसला स्राव? प्रबंधातली ही चार पानं काढून टाक, नाहीतर मी सही करणार नाही."

सुट्टीत घरी गेले तेव्हा अप्पांना सांगितलं. ते वह्या तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "सायेबाशी कामून वाद घालायलीस? काढ म्हणायलेत तर काढ. पदवी घे आन् ये."

मी काढली. पदवी मिळाली, हुमनाबादकडच्या एका कॉलेजात नोकरीही लागली. त्या जांभळ्या ठिपक्यांच्या काचांची पेटी मी सोबत नेली होती. तिथं प्रात्यक्षिकाला काचा कायम कमी पडायच्या. एकदा प्रयोगशाळेतले म्हातारे अण्णा पेटी पुढं ठेवून म्हणाले, "बाई, ह्या कामाच्या हैत का न्हाई? धुऊन पोरांला देतो."

"धुवा," मी म्हणाले. सोड्याच्या उकळत्या पाण्यात त्यांनी त्या उकळल्या आणि खिडकीत वाळत घातल्या. मला वाईट वाटलं नाही. कचराच होता ना तो.

नऊ-दहा वर्षांनी शिक्षकांच्या एका प्रशिक्षणवर्गासाठी हैदराबादला गेले होते. तिथल्या ग्रंथालयात एक परदेशी मासिक चाळताना अ‍ॅम्फिऑक्ससचं चित्र दिसलं म्हणून थांबले. त्याच्या मज्जारज्जूत न्यूरोपेप्टाइडं सापडली होती, म्हणजे मज्जापेशी ज्यांच्यामार्फत निरोप देतात ती छोटी प्रथिनं. त्यांची पद्धत नवी होती, माझ्याकडे नव्हती ती. पण चित्रातल्या पेशींची जागा मला तोंडपाठ होती. ताडून पाहायला माझ्याकडे एकही काच उरली नव्हती.

त्या पानांची झेरॉक्स काढून परतीच्या वाटेत मी थेट गुलबर्ग्याला सरांच्या घरी गेले. ते निवृत्त झाले होते. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, दोनदा वाचलं.

"बरोबर आहे. तू तेव्हा अडून बसायला हवं होतंस."

मी चहाचा कप खाली ठेवला. "अडून बसले असते तर ऐकलं असतं तुम्ही?"

त्यांनी थोडा विचार केला. "नसतं ऐकलं," म्हणाले, आणि बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली.

ते खोटं बोलले असते तर बरं झालं असतं. माणूस खरं बोलला की भांडताही येत नाही. मी चहा संपवला, नमस्कारसुद्धा केला, तो मला आजही सलतो. हुमनाबादच्या बसमध्ये बसल्यावर राग आला, आणि तो सरांवर थांबेना. माझ्या डोळ्यांना दिसलेलं मी एका सहीसाठी कचरा ठरवलं होतं, आणि धुवा म्हणणारीही मीच होते.

त्यानंतर काप करायचं यंत्र कॉलेजात असूनही मी त्याला हात लावला नाही. पाती गंजली आहेत, असं सगळ्यांना सांगत राहिले.