मागच्या सीटवरचा अर्बाब

२०१६ साल. अर्बाब तेव्हा बासष्ट वर्षांचा होता आणि मी पंचावन्न. ओमानमधल्या बरक्याला वर्कशॉपच्या दारात त्याची गाडी थांबली. ड्रायव्हरने दार उघडलं तरी तो जरा वेळ तसाच बसून राहिला. मग उतरला आणि चौकटीला हात लावून आत आला.

"दत्ता, मला दोन माणसांची सायकल करून दे."

"मी गेट करतो, अर्बाब. खिडक्यांच्या जाळ्या करतो. सायकल बाजारात मिळते."

"दोघांची मिळत नाही. आणि गेटसुद्धा हलतंच की."

"दुसरा माणूस कोण?"

"तू. तू पुढे, मी मागे."

अर्बाब म्हणजे मालक. वर्कशॉपचा परवाना त्याच्या नावावर, वेल्डिंग माझं. गुहागर तालुक्यातून चौथी शिकून मी इकडे आलो तो त्याच्याच कागदावर. आमचं बोलणं अर्ध्या हिंदीत आणि अर्ध्या अरबीत चालायचं, इथे मराठीत लिहितो आहे. त्याला एकेरीत लिहितो म्हणून कुणी नाक मुरडू नये. या देशात मालकालाही तूच म्हणतात. आदर पोटात असला की पुरतो.

त्याचे डोळे चालले होते. डॉक्टरने सांगितलं होतं की नळीतून बघावं तसं मधलं दिसेल, कडा जातील आणि मग मधलंही जाईल. पोरांनी गाडीची किल्ली काढून घेतली. मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीत, नवी गादी घातली, टेकायला तक्के दिले, कॉफी ओतायला माणूस ठेवला. त्या गादीला तो भ्याला होता. लहानपणी ओमानमध्ये काम नव्हतं तेव्हा तो बहरीनला गेला होता आणि सायकलवरून घरोघर पाव टाकायचा. म्हणजे परदेशात मजुरी त्यानेही केलेली. ते त्याने मला पहिल्यांदा सांगितलं त्या दिवसापासून आमचं जमलं.

सायकल केली. दोन जुन्या सायकली कापून जोडल्या. पुढच्या हँडलने वळायचं, मागचं नुसतं धरायला. साखळ्या अशा बसवल्या की दोघांचे पाय एकदमच फिरतील. एकाने जोर लावला की दुसऱ्याच्या तळव्याला कळतं, एकाने आळस केला तरी कळतं. पहिल्या दिवशी आम्ही वर्कशॉपच्या आवारातच तीनदा भिंतीला जाऊन लागलो. पाकिस्तानी पेंटर हसून हसून खाली बसला. अर्बाबला राग आला नाही. "याला हसू दे," म्हणाला, "आपण उद्या रस्त्यावर जाऊ, मग याला हसायला उशीर झालेला असेल."

रस्त्यावर आल्यावर त्याने एक नियम केला. सायकलवर असेपर्यंत अर्बाब मी. पुढचा माणूस सांगेल ते मागच्याने करायचं, वाद घालायचा नाही. आणि तो नुसता बोलला नाही, तसा वागला. बरक्याच्या मासळीबाजारासमोर कोळी त्याला थोरल्या पोराच्या नावाने, सालेमचा बाप म्हणून, हाक मारून विचारायचे, "अबू सालेम, कुठे निघालात?" हा मागून म्हणायचा, "अर्बाबला विचारा, मी कामगार." कोळी मला सलाम ठोकायचे आणि खो-खो हसायचे. मी मान ताठ ठेवून पुढे बघायचो. सांगायला लाज वाटत नाही, मला ते फार आवडायचं. आयुष्यात मला कुणी कुठे पुढे बसवलं नव्हतं, आणि बसवलं तर कुणी एवढ्या खुशीने माझ्या मागे बसलं नव्हतं.

त्याची दुसरी सवय म्हणजे "सांग". सायकल सुरू झाली की पाठीवर बोट टेकवायचा आणि म्हणायचा, "सांग." मी सांगायचो, "खजुराची बाग आहे, चांगली आहे." लगेच बोट जोरात टोचायचं. "चांगली की वाईट ते मी ठरवेन. तू दिसतं ते सांग." मग मी सांगायला शिकलो. झाडं किती ओळींत आहेत, कुठल्या झाडाला घड बांधलेत, पाटात पाणी सोडलंय की नाही, बांधावर कोण बसलंय. मी तिरसट माणूस. प्रत्येक गोष्टीवर माझं मत तयार असायचं. त्याने मला आधी बघायला लावलं. पन्नाशीनंतर माणूस काही शिकत नाही असं मला वाटायचं, ते त्याच्यामुळे खोटं ठरलं.

हिवाळ्यात आम्ही पिकअपमध्ये सायकल टाकून निझव्याकडे जायचो. डोंगराच्या पायथ्याशी त्याचं जन्मगाव, मातीच्या घरांचं. आता ओसाड. माणसं खाली सिमेंटच्या घरांत राहायला गेलेली. बोळ अरुंद, तिथे आम्ही सायकल हातात धरून चालायचो आणि तो भिंतीवर हात फिरवत सांगायचा, हे मामाचं घर, ही विहीर, इथे माझा दात पडला. एकदा मी म्हटलं, "या भिंती अजून दहा पावसाळे काढतील." तो म्हणाला, "इथे पावसाळा कुठला, दत्ता? तुझ्या गावचा हिशेब इथे लावू नको. पाऊस वर्षातून एकदा येतो आणि सगळं घेऊन जातो."

२०१८ च्या उन्हाळ्यात पोरांनी पोलंडला जायचं ठरवलं. तिकडच्या डोंगरात आता आखातातली कुटुंबं ढिगाने जातात, थंडाव्याला. अर्बाब म्हणाला, मला हॉटेलच्या खिडकीत बसायचं नाही. तिकडे पूर्वेला जंगलं आहेत, पडके किल्ले आहेत, सपाट रस्ते आहेत. मी दत्ताला आणि सायकलला घेऊन जाणार. थोरला सालेम म्हणाला, "बाबा, तुम्हाला दिसत नाही तर जंगल कशाला?" अर्बाब म्हणाला, "दत्ताला दिसतं." शेवटी सालेम कबूल झाला, पण एका अटीवर. एकदा जरी पडलात तरी सायकल बंद. इकडेही बंद, तिकडेही बंद. अर्बाबने बराच वेळ दाढी कुरवाळली. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. पण ती अट आता सायकलवर तिसरा माणूस होऊन बसली.

मी सायकल मधोमध कापून बोल्टांवर जोडली, विमानात जाईल अशी. गावी बायकोला फोन केला.

"जंगलात जाताय? वाघ आहेत का तिथे?"

"वाघ नाहीत. रानरेडे आहेत म्हणतात."

"मग सायकल हळू चालवा."

"रेडा दिसल्यावर हळू कोण चालवतो?"

"तुम्ही. तुमचं डोकं तसंच आहे," म्हणाली आणि फोन ठेवला.

पोलंडच्या पूर्वेचं ते जंगल मी जन्मात विसरणार नाही. आपल्या किनाऱ्यावर सुरूचं बन असतं तशी सरळ झाडं, पण संपतच नाहीत. मध्येच पांढऱ्या सालीची झाडं, चुना लावल्यासारखी. गाव आलं की लाकडी घरं, विजेच्या खांबावर करकोच्याचं घरटं, टोपलीएवढं नव्हे, बैलगाडीच्या चाकाएवढं. बायका रस्त्याकडेला बरण्यांतून जांभळी फळं विकायला बसलेल्या. एका आजीने आम्हाला बटाट्याची घावनं करून घातली आणि वर बिटाचं गार ताक दिलं, गुलाबी रंगाचं. मी रंग बघून वाटी सरकवली. अर्बाबने मात्र पुन्हा मागून प्यायलं. "डोळे गेल्याचा हा फायदा," म्हणाला, "तू रंग बघत बस."

पडके वाडे, किल्ले तो हाताने बघायचा. जंगलात एका जुन्या गढीची लाल विटांची भिंत होती, छप्पर गेलेलं, आत मोठं झाड. मी सांगितलं, झाड भिंतीला चिकटून वाढलंय, मुळं विटांत गेलीत. त्याने विचारलं, "झाडाने भिंत धरलीय की भिंतीने झाड?" मी बराच वेळ बघितलं. "सांगता येत नाही," म्हटलं. तो खूश झाला. "हे बरोबर सांगितलंस."

पडलो ते वाळूत. जंगलातली वाट अचानक वाळूची झाली, आपल्या बरक्याच्या किनाऱ्यासारखी. एवढ्या हिरव्या जंगलात वाळू असेल असं मला वाटलंच नव्हतं. मागून तो म्हणाला, "दत्ता, वाळू आली. चाकाचा आवाज बदलला. हात ढिले सोड, पाय चालू ठेव."

"मला दिसतंय."

"दिसतंय तर हात ढिले सोड."

मी हँडल आवळून धरलं. चाक रुतलं, सायकल आडवी झाली आणि आम्ही दोघे बाजूच्या झुडपांत गेलो. उठून बघतो तर अर्बाबचा पांढरा सदरा छातीपासून खाली जांभळा. मला ते रक्तच वाटलं. रक्त असं जांभळं कसं, हे विचारायचंही सुचलं नाही. तो पडल्या पडल्या बोटं चाटत म्हणाला, "गोड आहेत. बरण्यांत विकतात तीच." मनगट मुरगळलं होतं, कपाळ खरचटलं होतं, बाकी सगळी फळं.

सालेम त्या दिवशी गाडी घेऊन पुढच्या गावात थांबला होता. मी फोन केला. लपवायची गोष्टच नव्हती. तो आला, सदरा बघून त्याचा चेहरा उतरला, मग फळं आहेत हे कळल्यावर राग आला.

"खलास, बाबा. ठरलं होतं."

"तुझं ठरलं होतं. मी हो म्हणालो नव्हतो."

"मग काय मरेपर्यंत चालवणार?"

अर्बाब वाटेवरच मांडी घालून बसला. "हे बघ. तू थांबवलंस तर मी मरेपर्यंत तुझ्यावर रागावेन. मला मुलावर रागवायचं नाही. आणि मी आपणहून थांबणार नाही, मला माहीत आहे मी कसा आहे. म्हणून दत्ता सांगेल. तो ज्या दिवशी सांगेल त्या दिवशी मी उतरेन."

"हा? हा तुमचा पगारी माणूस. तुम्हाला पाहिजे तेच बोलणार."

ते मला लागलं. मी म्हटलं, "सालेम, तुझ्या बापाला मी तोंडावर वेडा म्हटलंय. विचार."

"दोनदा," अर्बाब म्हणाला. "एकदा बरोबर होतं. बोल दत्ता. आज थांबायचं?"

मी त्याला उभं केलं. मनगट फिरवायला लावलं, चार पावलं चालवलं. "आज नाही," म्हटलं. "वाळूत मात्र उतरून चालायचं."

"पाडलं कुणी?" अर्बाबने विचारलं.

"मी."

"मग वाळूत तुझे हात सुधारायचे की माझे पाय काढून घ्यायचे?"

सालेमला हसू आलं. तोंड फिरवून हसला, पण हसला. संध्याकाळपर्यंत तो आमच्या मागून गाडी हळू चालवत आला.

त्या दिवसापासून एक गोष्ट माझ्याकडे ठेव म्हणून आली. पगार, परवाना, वर्कशॉप सगळं त्याचं, पण हे एक माझं. आम्ही त्यानंतर चार वर्षं चालवली. मधलं दिसायचं तेही गेलं. त्याने मला ते एका सकाळी असंच सांगितलं, जसं कुणी सांगावं की साखर संपली. फरक एवढाच पडला की पाठीवरचं बोट आता सुटायचंच नाही.

अर्बाब जाऊन आता वर्ष होऊन गेलं. लोक मला विचारतात, त्याने तुला काय दिलं. नोकरी दिली हे खरं, पोरांची शिक्षणं त्यावर झाली. पण मी म्हणतो, त्याने त्याचं थांबणं माझ्या हातात दिलं. असं कुणी कुणाला देत नाही. सख्ख्या भावालाही देत नाही.

ते वापरायची वेळ २०२२ च्या हिवाळ्यात आली. त्याच्या पायांतला जोर कमी झाला होता. साखळ्या जोडलेल्या, मला तळव्यातून कळत होतं. मी दोघांचं ओढत होतो आणि मला त्यात काही जड वाटत नव्हतं. एवढ्या वर्षांत तो माझं काय काय ओढत आला होता, त्याच्यापुढे हे काहीच नव्हतं. पण एका सकाळी वादीवरच्या, म्हणजे कोरड्या नदीवरच्या, पुलाचा चढ संपल्यावर तो मागून म्हणाला, "आज सायकल किती हलकी चालते आहे, दत्ता. आपण तरुण होत चाललो."

खाली उतार होता. समोरून ट्रक येत होता. मी ब्रेक दाबला, पाय टेक म्हणून ओरडलो. त्याचा पाय पॅडलवरून सुटलाच नाही. सायकल कलली, मी कशीबशी सावरली. ट्रकच्या वाऱ्याने त्याची टोपी उडाली. मी जाऊन ती आणली, झटकून त्याच्या डोक्यावर ठेवली.

"अर्बाब," मी म्हटलं. "खलास."

त्याने टोपी घट्ट बसवली. "आजचं की कायमचं?"

"कायमचं."

"घर किती लांब आहे?"

"मशिदीचा मनोरा दिसतोय. तिथून डावीकडे."

"तिथपर्यंत चालवायची?"

"चालवू. हळू."

गेटपाशी तो उतरला, सायकलच्या मधल्या दांडीवर, माझ्या वेल्डिंगच्या सांध्यावर, हात ठेवून उभा राहिला. मग आत गेला. सालेमला एवढंच म्हणाला, "दत्ताने सांगितलं." सालेम माझ्याकडे आला, माझा हात दोन्ही हातांत धरला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. रात्रभर वाटत होतं, तो गादीवर जाऊन बसेल, आणि बसवणारा मीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या वेळेला त्याच्या गेटवर गेलो, चालत. तो पायरीवर बसला होता. बूट घातलेले, नाड्या बांधलेल्या.

"सायकलचा आवाज आला नाही," तो म्हणाला.

"आणली नाही."

"मग का आलास?"

"तू बूट का घातलेस?"

त्याने हात पुढे केला. मी तो माझ्या खांद्यावर ठेवला, आणि आम्ही बागेच्या वाटेने चालायला लागलो.