मंगोलियाचा जागेवाला

आमच्या जोगेश्वरीच्या घरात बाबांनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातल्याशिवाय कुठलंही काम सुरू होत नाही. गाऱ्हाणं म्हणजे देवाशी मोठ्याने केलेली रोखठोक बोलणी. आधी त्या त्या ठिकाणच्या राखणदाराला, जागेवाल्याला, हाक मारायची, मग मागणं सांगायचं, आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. माझी दहावी, पहिली नोकरी, पहिली बाईक, प्रत्येक वेळी बाबांनी देवाला कामाला लावलं.

त्यामुळे मंगोलियात बाईकवरून भटकायचा घाट घातला तेव्हा मला व्हिसापेक्षा बाबांची काळजी होती. ते मनापासून हो म्हणाले नाहीत तर माझा पाय निघणार नव्हता. म्हणून तिकीट काढायचं थांबवून ठेवलं होतं.

बाकी तयारी झकास चालली होती. वाळूत बाईकचा स्टँड रुतू नये म्हणून त्याच्याखाली ठेवायला साकीनाक्याच्या एका गाळ्यातून जाड पत्रा कापून आणला. रविवारी बिल्डिंगच्या आवारात बाईक मुद्दाम आडवी पाडायची आणि एकटीने उचलायची, हा सराव. सुरुवातीला वॉचमन धावत यायचा. नंतर खुर्चीतूनच विचारायला लागला, "मॅडम, फिर गिराया?"

एका संध्याकाळी मी नकाशा पसरला. बाबांनी चष्मा चढवला.

"हो रस्तो खंय गेलो?"

"पुढे रस्ताच नाही, बाबा. गवतातून जायचं."

"माणसा तरी आसत मां थंय?" आई स्वयंपाकघरातून ओरडली.

बाबांनी नकाशाची घडी घातली. "मी गाऱ्हाणा घालूचंय नाय."

झालं! माझं टाळकंच सटकलं. "बाबा, चाळिशीला आले मी! आता पण परवानगी मागायची?"

"रागान नाय गो. थंयचो जागेवालो कोण ता माका म्हायत नाय. पत्त्याशिवाय पत्र कोणाक टाकू?"

कप्पाळ माझं! सोबत येणाऱ्या वर्सोव्याच्या मैत्रिणीला फोन केला. ती कोळ्यांची पोर, आधी भडकलीच. "यार, तू तिकीट काढ ना गुपचूप!" मग जरा थांबून म्हणाली, "जाऊ दे. आमच्याकडे पण नारळ दिल्याशिवाय होडी दर्यात नाय लोटत. शोध तिथला कोणतरी राखणदार."

मग मी मंगोलियातल्या रस्त्यांचे व्हिडिओ पुन्हा बघायला बसले. एका खिंडीच्या माथ्यावर एक बाईकवाला उतरतो. तिथे दगडांची मोठी रास, त्यावर निळी कापडं बांधलेली. तो राशीभोवती तीन फेऱ्या मारतो, एक दगड ठेवतो आणि निघतो. हाच भाग मी दरवेळी पुढे ढकलत आले होते, कारण मला फक्त उताराची माती बघायची होती. धावत जाऊन फोन बाबांच्या हातात दिला.

"प्रदक्षिणा घालता मरे तो!" बाबा उठून बसले. "मगे आधी सांगूचा नाय? आसा थंय राखणदार."

दुसऱ्या दिवशी सकाळी नारळ ठेवला. बाबा हात जोडून उभे राहिले, खणखणीत आवाजात.

"बा म्हाराजा! जोगेश्वरीच्या आई, आमच्या गावच्या राखणदारा, आणि मंगोलियाच्या दगडांच्या म्हाराजा! तुझी भाषा माका येणा नाय, माझी तुका कळता की नाय देवाक म्हायत. ह्या माझा चेडू तुझ्या हद्दीत येता. रागीट आसा, पण मनान बरा आसा. पेट्रोल सरला तर माणूस धाड. पडला तर उचलूक बळ दी."

"व्हय म्हाराजा," आई म्हणाली. मला हसू येत होतं, आणि असा बाप मिळाला म्हणून भरूनही येत होतं. मला वाटलं, संपलं. पण बाबांचे हात जोडलेलेच होते.

"आणि म्हाराजा," आवाज एकदम खाली आला, "माझा आता वय झाला. चेडू परत येयपर्यंत माका हंय राख. दार उघडूक."

आई व्हय म्हणायचं विसरून बाबांकडे बघत राहिली.

बाबांनी माझ्याकडे मान वळवली. "म्हण गो. नायतर तो ऐकूचो नाय."

इतक्या वर्षांच्या गाऱ्हाण्यांत बाबांनी स्वतःसाठी मागितलेलं तेवढं एकच. मी डोळे पुसले आणि सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं ओरडले, "व्हय म्हाराजा!"